तयार पांढरा फाँडंट: बसलेल्या हत्तीच्या केकला कितपत पुरतो?

दुकानात मिळणारा एक किलोचा तयार पांढरा फाँडंट (पोळीसारखा लाटून केकवर चढवायचा साखरेचा मळलेला गोळा) गोल किंवा चौकोनी केकवर चढवायला चांगला, याबद्दल फारसं दुमत नसावं. त्याची खरी परीक्षा होते ती कोरलेल्या केकवर. जंगल थीमचा पहिला वाढदिवस, मधल्या टेबलावर बसलेला हत्ती, कान पसरलेले, सोंड पुढे, डोक्यावर पार्टीची टोपी. अशी ऑर्डर आली की एकाच पाकिटातला माल पाठीवर ताणला जातो, पोटाखाली चुण्या धरतो आणि कानापाशी लोंबतो. म्हणून हे परीक्षण हत्तीवरच केलं आहे. निकाल आधीच सांगायचा तर अंगावर चढवायला हा फाँडंट खुशाल घ्यावा, डोक्यालाही चालतो. कान, सोंड आणि पाय यांना मात्र तो जसाच्या तसा वापरू नये. आणि आत व्हिप्ड क्रीम भरलेलं असेल तर पाकीट फोडूच नये.

आधी पाकिटात काय असतं ते पाहू. आयसिंग शुगर, ग्लुकोज सिरप, थोडं वनस्पती तेल, ओलावा धरून ठेवायला ग्लिसरीन आणि ताण देणारा एखादा डिंक. लेबलवर हे आकड्यांत असतं: आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांचे ठरलेले क्रमांक) 422 म्हणजे ग्लिसरीन, 413 म्हणजे ट्रॅगॅकँथ, 415 म्हणजे झँथन, 466 म्हणजे सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला डिंक). कोरलेल्या केकसाठी पाकीट निवडताना पांढरेपणा किंवा व्हॅनिलाचा वास बघण्यापेक्षा हा डिंक कोणता आणि यादीत किती वर आहे ते बघा. उत्पादनाची तारीखही बघा. मुदत संपत आलेला माल कडेने कडक होतो, आणि तो कितीही मळला तरी वळणावर चिरतोच.

दुकानातून आणल्यावर दोन चाचण्या करून घ्याव्यात. पन्नास ग्रॅमचा गोळा मिनिटभर मळून दोन्ही हातांनी सावकाश ओढा. चांगला माल मध्ये बारीक होत होत लांबतो आणि मगच तुटतो. कमअस्सल माल लगेच तुटतो आणि तुटलेली कड दातेरी दिसते. दुसरी चाचणी जास्त कामाची. 4 मिलिमीटर जाड लाटून उलट्या वाटीवर टाका आणि वाटीच्या काठाखाली दाबून आत वळवा. काठावर बारीक भेगा दिसल्या तर हत्तीच्या पाठीवर त्याच भेगा चौपट दिसणार. अशा मालात किलोमागे एक चहाचा चमचा ग्लिसरीन आणि एक मोठा चमचा व्हेजिटेबल शॉर्टनिंग मळलं की बराच फरक पडतो. शॉर्टनिंग नसेल तर डालडा चालतो. लोणी किंवा तूप नको, त्याने रंग पिवळसर होतो.

एका हत्तीला किती फाँडंट लागतो, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि बहुतेकांचा अंदाज कमी पडतो. अंगासाठी 7 इंची तीन थर, प्रत्येक 2 इंच उंच, म्हणजे साधारण 15 ते 16 सेंटिमीटर उंचीचं धड. त्यावर 12 सेंटिमीटर व्यासाचं डोकं. धड एकाच पोळीत झाकायचं तर पोळीचा व्यास निदान 50 सेंटिमीटर हवा, आणि 4 मिलिमीटर जाडीच्या तेवढ्या पोळीला सव्वा किलोच्या आसपास फाँडंट लागतो. केकवर त्यातला जेमतेम अर्धा राहतो, बाकी कापून परत येतो. पण लाटताना तो हाताशी असावाच लागतो. डोक्याच्या पोळीला अर्धा किलो, चार पाय, सोंड, कान आणि शेपटी मिळून आणखी अर्धा किलो, आणि 14 इंची बोर्ड झाकायचा असेल तर चारशे ग्रॅम. तेव्हा 2.5 ते 3 किलो आणा. दोन किलोत बसवायला गेलं की पोळी 2 मिलिमीटरवर जाते, आणि मग खालच्या गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट लेपाचा) प्रत्येक खड्डा वर दिसतो.

आता आतला केक. चांगल्या फाँडंटवर वाईट शेरा येतो तो बहुतेक वेळा आतल्या केकमुळे. क्रीम केकसाठीचा हलका, साखरेच्या पाकात भिजवलेला स्पंज हत्तीला चालत नाही. कोरताना तो भुगा होतो आणि वरचं वजन पडलं की कडेने फुगतो. मड केक, बटर केक किंवा कंडेन्स्ड मिल्कचा घट्ट एगलेस केक घ्यावा. आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. कोरण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला तर सुरी आणखी स्वच्छ चालते, मात्र आत बर्फ धरेपर्यंत ठेवू नये. गोठलेल्या केकवर गनाश लावलं की आतला ओलावा नंतर बाहेर येतो आणि गनाश केकपासून सुटतं.

रचना अशी: 14 इंची, 12 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफ बोर्डाच्या मध्यात खालून स्क्रूने बसवलेला लाकडी दांडा, अन्नाला चालणाऱ्या आवरणात गुंडाळलेला. साधं फूड ग्रेड जाड स्ट्रॉ त्यावर घातलं तरी काम होतं. त्याभोवती थर रचायचे, थरांमध्ये गनाशचा पातळ हात. दोन थर झाले, म्हणजे साधारण 10 सेंटिमीटर उंची झाली, की मध्ये भोक पाडलेला पातळ केक बोर्ड आणि त्याखाली चार बबल टी स्ट्रॉ आधाराला. हा बोर्ड वाचवायला गेलं की डोक्याचं वजन थेट खालच्या थरावर येतं आणि हॉलला पोहोचेपर्यंत हत्तीला दोन पोटं दिसायला लागतात.

कोरताना समोरून आणि बाजूने असे दोन कागदी साचे कापून ठेवा. लांब दातेरी सुरीने आधी वरच्या कडा काढा, मग खांदे, मग पाठीचा बाक, आणि शेवटी पोटाखालचं वळण. एका वेळी बोटाच्या पेरापेक्षा जास्त जाड काप काढू नका, कारण काढलेलं परत जोडता येतं ते फक्त गनाशच्या थापाने, आणि तो थाप वजन वाढवतो. सगळ्यात जास्त चुकतं ते मापात. केकवर 8 मिलिमीटर गनाश आणि 4 मिलिमीटर फाँडंट चढणार, म्हणजे प्रत्येक बाजूने सव्वा सेंटिमीटर वाढ होणार. साच्याच्या रेषेवरच कोरलं तर झाकलेलं धड अडीच सेंटिमीटरने जास्त रुंद होतं आणि वेगळं केलेलं डोकं त्यावर लिंबाएवढं दिसतं. साचा काढतानाच एवढं आत घ्यावं. पोटाखालचं वळण फार खोल नेण्याचाही मोह आवरा. तिथे फाँडंटला टेकायला काही नसतं. मागचे पाय तो भाग झाकणारच आहेत.

डोकं केकचं करू नये, असं स्पष्ट मत आहे. 100 ग्रॅम भाजून कुरकुरीत केलेले, जाडसर चुरलेले कुरमुरे आणि साधारण 200 ग्रॅम वितळवलेलं व्हाइट कंपाउंड (वनस्पती तेलातलं पांढरं चॉकलेट) यांचा गोळा 12 सेंटिमीटरच्या डोक्याला पुरतो. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तो गरम असतानाच घट्ट दाबायचा आणि मधून दांड्यासाठी भोक ठेवायचं. हे डोकं केकपेक्षा हलकं राहतं, बसत नाही, आणि सोंडेची काडी त्यात घट्ट रुतते. परदेशी व्हिडिओंत हेच काम मार्शमॅलो घालून करतात. पण बाजारातल्या बऱ्याच मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. एगलेस मागणारं घर हे चालवून घेणार नाही. घरी मार्शमॅलो वितळवून केलेल्या फाँडंटलाही हीच अडचण. त्याला ताण छान असतो, चवही तयार मालापेक्षा बरी. पण पाकिटावर हिरवी खूण नसेल तर विषय तिथेच संपतो.

गनाशबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण फाँडंटचं निम्मं दिसणं त्यावर असतं. आपल्याकडचं साधं फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं असतं. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे पुस्तकी प्रमाण थंड हवेत ठीक. एप्रिल-मेमध्ये किंवा एसी नसलेल्या हॉलसाठी अडीच ते तीनास एक करा. व्हाइट चॉकलेट असेल तर तीनास एक, उन्हाळ्यात चारास एक. रात्रभर झाकून ठेवलेलं गनाश पीनट बटरइतकं घट्ट झालं की लावायचं. पहिला पातळ हात भुगा बसवायला, तो घट्ट झाल्यावर दुसरा जाड हात. वळणांवर धातूची पट्टी चालत नाही, जुन्या फाइलच्या लवचिक प्लास्टिकची पट्टी कापून घ्या. शेवटी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या चमच्याच्या पाठीने खड्डे भरा. मग तीन-चार तास, शक्यतो रात्रभर, थंड खोलीत. या वेळात केक बसायचा तेवढा बसतो आणि थरांत अडकलेली हवा निघून जाते. घाई करून लगेच झाकलं की दुसऱ्या दिवशी कमरेला फुगवटा येतो आणि तो टाचणीने टोचूनही जात नाही.

व्हिप्ड क्रीमचं कारणही इथेच. त्यात पाणी भरपूर, आणि साखर पाणी ओढून घेते. तासाभरात फाँडंट आतून ओला होतो, मग चकाकतो आणि शेवटी घसरतो. पाकिटावर 'क्रीम केकसाठी योग्य' लिहिलेलं असलं तरी ते सपाट केकवर लावलेल्या पातळ पोळीपुरतं समजावं. हत्तीच्या उभ्या अंगावर त्या वाक्याच्या भरवशावर राहू नये.

रंगाचं थोडक्यात. लागणारा सगळा करडा एकदम मळा, नंतर तोच शेड पुन्हा जुळत नाही. पांढऱ्यात काळा जेल (केकचा घट्ट खाद्यरंग) घातला की करडा निळसर किंवा जांभळट होतो, त्यात चिमूटभर तपकिरी घातला की हत्तीसारखा दिसतो. सोपा मार्ग म्हणजे तयार काळा फाँडंट: एक किलो पांढऱ्याला 40 ते 50 ग्रॅमपासून सुरुवात. अवघा काळा किंवा गडद लाल घरी जेल घालून करायला जाऊ नका. तेवढ्या जेलने फाँडंट चिकट होतो आणि पोळी पाटाला धरते. रंग रात्रभरात एक छटा गडद होतो, हे धरूनच थांबा.

आता झाकणं. तयार मालाची खरी किंमत इथे कळते. पंखा बंद, एसी असेल तर झोत ओट्यावर नको. फाँडंट कडक वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये पाच ते आठ सेकंद, त्याहून जास्त नाही, मध्ये वितळतो. ओट्याला शॉर्टनिंगचा अगदी पातळ हात लावा. आयसिंग शुगरवर लाटलं तर पोळी कोरडी पडते, कॉर्नफ्लोअरवर त्याहून लवकर. दोन्ही बाजूंना 4 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की जाडी सारखी येते. लाटताना दर दोन-तीन हातांनी पोळी एक चतुर्थांश फिरवा, उलटू नका. गनाशवर ब्रशने पाण्याचा फक्त ओलसर हात. पाणी ओघळताना दिसलं तर टिश्यूने टिपा, नाहीतर फाँडंट खाली सरकतो.

पोळी लाटण्यावर गुंडाळून घेऊन पाठीमागून पुढे उलगडा. आधी मानेभोवतीचा वरचा भाग तळहाताने बसवा, म्हणजे वजनाने वरून फाटणार नाही. मग खांदे, मग पोट. इथेच नवख्यांचा हात चुकतो. चुण्या दिसल्या की पोळी खाली ओढायची नाही. चुणी बाहेरच्या बाजूला उघडायची, घेर मोकळा करायचा आणि तळहाताने खालून वर दाबत जायचं. खाली ओढलेला फाँडंट खांद्यावर पातळ होतो आणि अर्ध्या तासाने तिथेच चिरतो. चांगला माल इथे पाच ते सात मिनिटं साथ देतो, मग पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांची साय धरते. पोटाखाली उरलेली चुणी मागे नेऊन त्रिकोणात कापा आणि कडा एकमेकींवर घासून बसवा. तो सांधा शेपटी आणि मागच्या पायांत लपतो. एक गंमत सांगायला हवी. फाँडंट सुकून पडणाऱ्या त्या सुरकुत्या इतर केकवर दोष धरतात, पण हत्तीच्या गुडघ्यांवर आणि सोंडेच्या मुळाशी त्या शोभून दिसतात. त्या जागी शॉर्टनिंग चोळून पुसायला जाऊ नका.

हवेचे बुडबुडे दिसले तर बारीक सुई तिरकी घालून हवा काढा आणि लगेच बोटाने घासा. पोळी फाटलीच तर त्याच रंगाचा फाँडंट थोड्या पाण्यात कालवून लेप करा, भेगेत भरा, कडक झाल्यावर ओल्या ब्रशने साफ करा. हत्ती पाठीवर झूल घालतो, हेही विसरू नका. मोठी जखम झाकायला त्याच्यासारखा उपाय नाही.

कान, सोंड आणि पाय यांत तयार फाँडंट कमी पडतो, आणि हा दोष पाकिटाचा म्हणता येणार नाही. त्यात ग्लिसरीन असतं ते मुळात सुकू नये म्हणूनच. कानांसाठी 250 ग्रॅम फाँडंटला एक चहाचा चमचा सीएमसी किंवा त्याच जातीची टायलोज पावडर मळा, पिशवीत बंद करून काही तास ठेवा. 3 मिलिमीटर लाटून कापा आणि कडा मोदकाच्या पारीसारख्या बोटांनी पातळ करा. आत गुलाबी, थोड्या लहान आकाराचा दुसरा तुकडा. वाटीच्या किंवा चमच्याच्या बाकावर दर काही तासांनी उलटून सुकवा. पुण्यात डिसेंबरमध्ये दोन-तीन दिवसांत ते खडखडीत होतात. मुंबई-रत्नागिरीकडे जुलैत पाचव्या दिवशीही मधून वाकतात. पावसाळ्यात निम्मा गमपेस्ट (सुकून कडक होणारा साखरेचा गोळा), निम्मा फाँडंट घ्या. कान बसवायला ओला असतानाच पाठीमागे दोन बांबूच्या काड्या घाला, निम्मी लांबी बाहेर. चिकटवायला 30 मिलिलिटर पाण्यात पाव चहाचा चमचा सीएमसी कालवून रात्रभर ठेवलेला डिंक पुरतो. नुसतं पाणी लावलं तर कान घसरतो.

सोंडेसाठी शिफारस मॉडेलिंग चॉकलेटची. 200 ग्रॅम व्हाइट कंपाउंड वितळवून त्यात कोमट केलेलं 50 ते 60 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घाला आणि गोळा जमला की थांबा. जास्त ढवळलं तर तेल सुटतं. सुटलंच तर फेकू नका, गार झाल्यावर मळा, बरंचसं तेल परत मुरतं. रात्रभर ठेवून त्यात तेवढाच करडा फाँडंट मिसळला की जे हाती येतं ते तयार फाँडंटपेक्षा ताठ आणि मॉडेलिंग चॉकलेटपेक्षा उकाड्याला जरा जास्त टिकणारं असतं. सांधा बोटाच्या उबेने घासला की नाहीसा होतो, फाँडंटमध्ये हे जमत नाही. वर उचललेली सोंड फोटोत छान दिसते, पण तिला आत फूड ग्रेड तार लागते. ती तारही थेट केकमध्ये न खुपसता स्ट्रॉमध्ये घालून बसवावी लागते. वर्षाच्या बाळाच्या पार्टीला पोटावर टेकलेली सोंड बरी. तिला एक काडी पुरते. पायांच्या आतही कुरमुऱ्यांचाच गाभा ठेवा. भरीव फाँडंटचा पाय जड होतो आणि स्वतःच्या वजनाने पसरतो.

चेहऱ्याचं काम सगळ्यात शेवटी आणि सावकाश. डोळ्यांच्या खोबणी फाँडंट ओला असतानाच बॉल टूलने (गोल टोकाच्या काडीने) दाबून ठेवा, सुकल्यावर दाबल्या तर भोवती चिरतात. त्यात 8 मिलिमीटरचे काळे गोळे, वर रॉयल आयसिंगचा (सुकून कडक होणाऱ्या पांढऱ्या आयसिंगचा) एकच पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. ठिपके वेगवेगळ्या बाजूंना पडले की हत्ती तिरळा दिसतो. डोळे मधल्या रेषेच्या थोडे खाली आणि लांब ठेवले की पिल्लू दिसतं, वर आणि जवळ ठेवले की म्हातारा. सोंडेवरच्या आडव्या रेषा सुरीच्या पाठीने मारा, मुळाशी लांब अंतराने आणि टोकाकडे जवळ जवळ. मग कोरड्या ब्रशने रेषांत गडद करडी डस्ट (रंगाची कोरडी भुकटी). डस्टच्या डबीवर 'एडिबल' आणि घटकांची यादी हवी. 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली डस्ट म्हणजे खाण्याजोगी नव्हे, तो शोभेचा माल. लहान भाग लावताना टूथपिक घालू नका. कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा तेच काम करतो आणि मुलाच्या तोंडात गेला तर टूथपिकइतका धोका नसतो.

आता हवा. तयार फाँडंटविषयीच्या तक्रारींतला मोठा वाटा घामाचा असतो, आणि त्याचं गणित साधं आहे. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे 26 पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार, मग ती फ्रिजमधून आलेली असो की 22 अंशांच्या एसी खोलीतून. तेच 30 अंशांना आर्द्रता 40 टक्के असेल तर दवबिंदू 15 वर उतरतो आणि एसीतला केक कोरडा राहतो. म्हणून पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात निभावणारा केक जूनमध्ये दादरच्या हॉलमध्ये चकाकायला लागतो. यात पाकीट बदलून काही साधत नाही.

शक्यतो फ्रिज टाळा आणि गनाश भरलेला हत्ती एसी खोलीत ठेवा. आत ताजी फळं किंवा क्रीम चीज असेल तर फ्रिज टळत नाही, पण मग हत्तीच्या केकमध्ये ते भरूच नये. ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याचा खोका, त्यावर क्लिंग फिल्मचे दोन वेढे, आणि शक्य तर फ्रॉस्ट फ्री फ्रिज, कारण त्यातली हवा जास्त कोरडी असते. बाहेर काढल्यावर खोका दोन-तीन तास उघडायचा नाही. पाणी धरायचं ते खोक्याबाहेर धरतं, केकवर येत नाही. तरीही घाम आलाच तर हात लावू नका, पुसू नका. खोलीत एसी लावा, लांबून पंखा सोडा, तो आपोआप सुकतो. बोट लागलं की तिथे कायमचा डाग. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा. तिथे घाम येत नाही, पण पोळी लाटता लाटता साय धरते. तिथे ग्लिसरीन थोडं वाढवा आणि न लागणारा प्रत्येक तुकडा लगेच पिशवीत टाका.

नेताना केक मांडीवर घ्यायचा नाही. गाडीच्या डिकीत सपाट जागी, खाली न घसरणारी जाळी, गाडीत एसी आधीच दहा मिनिटं सुरू. एका तासापेक्षा जास्त रस्ता असेल किंवा घाट असेल तर कान आणि टोपी वेगळ्या डब्यात न्या आणि तिथे जाऊन लावा, सोबत डिंक, थोडा करडा फाँडंट आणि ब्रश. दुचाकीवरून हा केक जात नाही, कोणी कितीही सांगो. ज्यांच्या हाती केक द्याल त्यांना आत दांडा आणि काड्या किती आहेत ते लिहून द्या. डोकं कुरमुऱ्यांचं आहे हेही आधीच सांगा, नाहीतर कोणीतरी नेमकी तिथेच सुरी घालतं.

चव? गोड, व्हॅनिलाचा वास, बाकी काही नाही. बहुतेक मोठी माणसं साल सोलावी तसा फाँडंट काढून ठेवतात, मुलं हत्तीचे पाय खातात. आत डार्क गनाश असेल तर गोडी थोडी मोडते, व्हाइट असेल तर दोन घासांत पुरे होतं. म्हणूनच अशा केकचा भाव निव्वळ किलोवर सांगू नये. अंगावर दीड किलो फाँडंट, डोक्यात कुरमुरे, पायांत कुरमुरे, आणि खाण्याजोगा केक पंचवीस-तीस माणसांपुरता. फाँडंटच्या कामाचे पैसे वेगळे आणि केकचे वेगळे लावले की ग्राहकाचाही गोंधळ होत नाही.

मालासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केट परिसर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या जागा बहुतेकांना ठाऊक आहेत. ऑनलाइन मागवताना उन्हाळ्यात पाकीट गोदामात आणि गाडीत तापतं, तेल सुटून येतं. ते मळून परत मुरतं, पण पिवळा पडलेला किंवा खवट वास येणारा माल परत करावा. आयात केलेला माल दुप्पट-तिप्पट महाग पडतो. धडासाठी त्याची गरज नाही. फार तर बारीक काम असलेल्या टोपीसाठी अर्धा किलो घ्यावा.

उरलेला करडा फाँडंट शॉर्टनिंगचा हात लावून, क्लिंग फिल्ममध्ये आवळून, हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर ठेवा. सीएमसी मिसळलेला तुकडा त्यात मिसळू नका, तो दगड होतो आणि सगळा गोळा खराब करतो. डब्यावर तारीख टाका. पुढच्या केकला धड म्हणून नाही, पण बोर्ड झाकायला तो चांगला उपयोगी पडतो.